पुढे पळणारा

"सोनकांबळे पळाला शेवटी."

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपवर केतन साठेनं हे तीन शब्द टाकले, शेजारी एक हसरा चेहरा चिकटवला, आणि बघता बघता खाली पाच-सहा जणांचे अंगठे आले. मी ओट्याशी कणीक मळत होते. कणकेच्या बोटांनीच फोन पुढे ओढला, वाचलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, "अगं, गंमत करतोय तो." गंमत म्हणे! एका माणसाची नोकरी जाते, घर सुटतं, बायको-मुलीला घेऊन देश सोडायची वेळ येते, आणि ह्यांना गंमत सुचते. आणि तीही कोणाला सुचावी, तर केतनला.

हर्षदीप सोनकांबळे पळायचा हे खरंच आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण कुठल्या दिशेला पळायचा, हे ते अंगठे दाखवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. राग त्याचा येतो. राग शांत झाला की लिहीन, असं इतके दिवस म्हणत होते. तो काही शांत व्हायचं नाव घेत नाही, तेव्हा आता रागातच लिहिते.

हर्षदीप आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा आणि आइंडहोवनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आमच्या टीमचा लीड होता. मी त्याच टीममध्ये टेस्टिंग बघायचे, अजूनही बघते. वयानं तो माझ्याहून बराच लहान, पण ऑफिसात मी त्याच्या हाताखाली. त्यामुळे मीटिंगमध्ये मी वैजयंती, आणि मीटिंग संपली की लगेच, "वैजूताई, चहा टाका, आलोच." मूळचा नांदेडचा. बुटका, रुंद खांद्यांचा, मनगटं एवढी जाड की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात. किंचित पुढे झुकून चालायचा. सुपरमार्केटातल्या तपकिरी ब्रेडवर शेंगदाण्याची चटणी थापायची आणि खिडकीशी उभ्या उभ्या खायची, हे त्याचं रोजचं जेवण. "अरे मेल्या, बसून जेव की," म्हटलं तर म्हणायचा, "बसलं की उठावं लागतं, ताई."

त्याला आडनाव विचारायची वेळ कोणावर यायची नाही. आपले लोक परदेशात आले तरी ती एक खोड काही सुटत नाही. हसून हसून विचारतात, गाव कुठलं, मग तालुका कुठला, मग "नाही, म्हणजे पूर्ण नाव काय म्हणालात?" कोणी फक्त पहिलं नाव सांगून वेळ मारून नेतं, कोणी विषय बदलतं. हर्षदीप पहिल्याच भेटीत हात पुढे करायचा आणि खणखणीत सांगायचा, "हर्षदीप भीमराव सोनकांबळे, नांदेड." आमच्याकडे गणपतीत केतन त्याला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी तिथेच होते. केतनचा चेहरा क्षणभर असा झाला, जणू काय विचारायचं ठरवलं होतं तेच तो विसरला. मागाहून हर्षदीप मला म्हणाला, "तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत मीच पोचलो. आता त्यानं काय करायचं ते करावं." त्याच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार ह्यात आलं, पण तेव्हा मला ते कळलं नाही. कळायला त्याचा तो खेळ समजून घ्यावा लागला.

तो टिलबर्गला मास्टर्स करायला आला तेव्हाची गोष्ट. मैदानाच्या कडेनं सायकलवरून जात होता, तर एक चेंडू येऊन चाकाला लागला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अमेरिकन फुटबॉलचा. ह्यानं तो क्रिकेटमध्ये सीमेवरून फेकतात तसा फेकला, तर चेंडू थेट मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या हातात. त्या लोकांनी ह्याला सायकलवरून उतरवलं ते सोडलंच नाही. सोनकांबळे त्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून ते त्याला 'झॉन' म्हणायला लागले. डच भाषेत झॉन म्हणजे सूर्य. तेव्हापासून हा त्यांचा क्वार्टरबॅक. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी शनिवारी टिलबर्ग चुकलं नाही.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे त्यानं मला आमच्या डायनिंग टेबलावर लिंबं आणि कांदे मांडून समजावलं होतं. प्रत्येक डावाला चेंडू आधी ह्याच्या हातात येतो. ह्याचे पाच धिप्पाड गडी ह्याच्याभोवती कडं करून उभे राहतात. समोरचे ते कडं फोडून ह्याला आडवा करायला बघतात. तेवढ्या दोन-तीन क्षणांत ह्यानं बघायचं की आपला कोण मोकळा आहे, आणि त्याच्याकडे चेंडू फेकायचा. आता कोणीच मोकळा नसेल तर? तर एक तर कड्यात उभं राहून मार खायचा, नाही तर चेंडू काखेत घेऊन स्वतः पळायचं.

"बहुतेक क्वार्टरबॅक पळत नाहीत," तो म्हणाला. "नाजूक असतात. त्यांना जपायचं असतं. आमचा कोच योस मला पण तेच सांगतो, तू फेकणारा आहेस, तू पळू नको."

"बरोबरच आहे की. तुला लागलं तर?"

"ताई, हा कांदा बघा. हा क्वार्टरबॅक. हा पळणार नाही हे समोरच्यांना एकदा कळलं ना, की ते ह्याच्याकडे बघतच नाहीत. मग ते अकरा जण मिळून माझ्या दहा जणांना धरतात. पण हा पळू शकतो असं त्यांना वाटलं, नुसतं वाटलं, तर त्यांचा एक माणूस सतत ह्याच्यावर डोळा ठेवून उभा राहतो. त्याला हलता येत नाही. म्हणजे तिकडे माझा एक माणूस मोकळा झाला. मी पळालो नाही तरी झाला. पण त्यासाठी मी कधीतरी खरंच पळालेलो असलं पाहिजे. नुसती हूल चालत नाही, लोकांना कळतं." असं म्हणून त्यानं कांदा उचलला, तो लिंबांमधून टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि मग माझ्याकडे देऊन म्हणाला, "पोह्यात घाला."

ऑफिसातही त्याचं हेच. काहीही बिघडलं, क्लायंट ओरडायला लागला, की कॉलवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मोकळं कोण आहे?" कोरोनाच्या त्या वर्षात कोण मोकळं असणार! सगळे घरात कोंडलेले, मुलांची शाळा एका स्क्रीनवर, आपलं काम दुसऱ्या, भारतातून रोज कोणाचे तरी आई-वडील आजारी असल्याचे फोन. सगळे गप्प बसायचे. तो दोनच क्षण थांबायचा आणि म्हणायचा, "बरं, मग मी जातो." पुन्हा विचारायचा नाही, टोमणा नाही, नंतर कधी त्याचा उच्चार नाही. क्लायंटच्या शिव्याही मग तोच खायचा. चूक टीममधल्या केतनची असो की माझी, क्लायंटसमोर ती हर्षदीपची. आमच्या आधीचा लीड होता, तो प्रत्येक आरोप असा काही सफाईनं दुसऱ्याकडे सरकवायचा की बघत राहावं. त्याला बढती मिळाली.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाहेर पडायची थोडी मोकळीक मिळाली तेव्हा हर्षदीपनं आम्हा सगळ्यांना रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर गोळा केलं. त्या खेळाचा एक सोवळा प्रकार आहे, त्यात कोणी कोणाला आडवं करत नाही. कमरेच्या पट्ट्याला फडकी लावायची, आणि पळणाऱ्याचं फडकं ओढलं की तो बाद. "माणसाला हात लावायचा नाही, म्हणजे सरकार पण खूश," असं तो म्हणाला. बायका, पुरुष, पोरं, सगळे उतरलो. माझं वजन बघता मला कड्यात उभं केलं, आणि मी सांगते, माझ्या बाजूनं कोणी आत आलं नाही.

त्या दिवशी केतनला क्वार्टरबॅक व्हायचं होतं. हौस दांडगी. चेंडू हातात घेऊन हळदीकुंकवाला आल्यासारखा मध्ये उभा. समोरून हर्षदीपची बायको सुजाता आली, डावीकडून माझा नवरा आला, ह्याला कोणी मोकळं दिसेना. कडेनं हर्षदीप ओरडला, "केतन, पळ!" आणि केतन पळाला. मागे! पाठ फिरवून जो सुटला तो थेट मैदानाबाहेर, सायकली लावल्या होत्या तिथपर्यंत. चेंडू काखेतच. आम्ही हसून हसून गवतावर लोळलो. हर्षदीपच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अरे राजा," तो म्हणाला, "पळ म्हणजे पुढे पळ रे! मागे पळतात त्याला पळून जाणं म्हणतात." केतनही हसला, पण कान लाल झाले होते. रुचा, म्हणजे त्याची बायको, त्याला पुढे कितीतरी दिवस "पुढे पळ हं" म्हणून चिडवायची.

म्हणजे 'पळाला' ह्या शब्दाचे दोन अर्थ केतनला नीट ठाऊक होते. भर मैदानात शिकवले होते त्याला.

त्याच उन्हाळ्यात हर्षदीपच्या टीमला खरी मॅच खेळायला परवानगी मिळाली, युट्रेख्टच्या टीमशी. सुजाता म्हणाली, ताई चला सोबत, मला एकटीला बघवत नाही. का बघवत नाही ते तिथे गेल्यावर कळलं. शेवटचा डाव, चेंडू समोरच्यांच्या हद्दीच्या अगदी जवळ, ह्यांचे सगळे गडी धरलेले. हर्षदीपनं एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे, आणि निघाला. ह्या खेळात क्वार्टरबॅकला एक सवलत असते. तो पळता पळता पाय पुढे करून घसरला, की त्याला कोणी हात लावायचा नाही. डाव तिथे संपतो, माणूस शाबूत राहतो. कडेला तो कोच योस, साठीचा दणकट माणूस, घसा फोडून ओरडत होता, "झॉन, खाली बस! घसर!" दोन हात जमीन कमी पडली असती, दुसरं काय झालं असतं? पण नाही. हा गेला सरळ त्या दोन ताडमाड पोरांच्या अंगावर. हद्द ओलांडली, मॅच जिंकली, आणि खांद्याजवळचं हाड मोडलं.

गाडीत मी त्याला सोलून काढला. तो आपला हात गळ्यात बांधून मागच्या सीटवर, वेदनेनं पांढराफटक पडलेला, आणि हसतोय. "नव्या पोरांना घसरायला तूच शिकवतोस ना? मग तुला काय धाड भरली?" तर म्हणे, "ताई, खाली बसायचं लक्षातच येत नाही ऐनवेळी." सुजाता पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती.

मग पावसाळी, अंधारा शरद आला, परत सगळं बंद झालं, आणि कंपनीला खर्च कमी करायची आठवण झाली. आमच्या टीममध्ये माझं पक्कं होतं, मी इथली जुनी, पासपोर्टसुद्धा इथला. बाकीच्यांचे करार वर्षावर्षाचे. आणि करार वाढवला नाही, तर नोकरीच जाते असं नाही, देश जातो. नवीन नोकरी शोधायला तीन महिने, नाही मिळाली तर चंबूगबाळं आवरायचं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण कोणी बोलत नाही. आमचा वरचा साहेब मार्टाइन, गोरागोमटा, गोड आवाजाचा. त्यानं हर्षदीपला आणि मला कॉलवर घेतलं आणि म्हणाला, एक माणूस कमी करायचाय, तुमच्या मते कोण?

हर्षदीप म्हणाला, "कोणीच नाही."

"तो पर्याय नाहीये."

"मग मला कमी कर."

मार्टाइन हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, बघतो. आठवड्याभरात कुठूनसे पैसे निघाले आणि सगळ्यांचे करार थोडे थोडे वाढले. हर्षदीप त्या संध्याकाळी आमच्या दारात उभा राहून, मास्क हनुवटीवर ओढून, लहान पोरासारखा खूश होता. "बघितलंत? त्याला वाटलं हा खरंच पळेल. थबकला ना जागच्या जागी!"

मी म्हटलं, "दर वेळी थबकणार नाही हं तो." पण तेव्हा मीही खूशच होते, खोटं कशाला बोलू.

हिवाळ्यात मार्टाइन परत आला. तोच कॉल, आम्ही तिघं. ह्या वेळी नाव तोच घेऊन आला होता. "केतनचं काम सगळ्यात कमी आहे," तो म्हणाला. "मी स्पष्ट बोलतोय, राग मानू नका." ह्यांचं हे एक असतं. स्पष्ट बोललं की पाप लागत नाही. केतनचं काम कमी होतं, कारण रुचाला आठवा महिना लागला होता आणि तिला झोपून राहायला सांगितलं होतं. घरात तिसरं माणूस नाही. भारतातून आई येणार होती, तिला व्हिसा नाही, विमानं नाहीत.

हर्षदीपनं हे सगळं सांगितलं. मार्टाइननं मान हलवली, फार वाईट वाटतं म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "तरीसुद्धा."

"मग मला कमी कर," हर्षदीप म्हणाला.

ह्या वेळी मार्टाइन हसला नाही. त्यानं बाजूच्या स्क्रीनवर काहीतरी बघितलं. हर्षदीपचा पगार केतनपेक्षा बराच जास्त होता, ते मला आत्ता लिहितानाही दिसतंय, त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं. "तू हे नक्की म्हणतोयस का?"

मी चॅटमध्ये फक्त हर्षदीपला लिहिलं: खाली बस! नाही म्हण! त्याची नजर खाली गेली, त्यानं ते वाचलं, मी बघितलं त्याला वाचताना. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "नक्की."

संपलं. एवढंच लागतं.

संध्याकाळी तो चहाला आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं. चहाबिहा काही नाही. "हुतात्मा व्हायचंय तुला? कोण रे तो केतन? तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल काय बोलतो माहितेय ना तुला?"

"माहितेय की."

"मग?"

"रुचाला विमानात घेणार नाहीत, ताई. आणि मग काय, ओली बाळंतीण तान्हं पोर घेऊन देश सोडणार? मला निदान पळता तरी येतं."

"आणि सुजाताला विचारलंस?"

सुजाता रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई. ह्याच्या नोकरीपायी इथे येऊन इतकी वर्षं घरी बसली, डच शिकली, आणि आता कुठे एका प्रयोगशाळेत तिच्या मुलाखती चालू होत्या. दोन झाल्या होत्या, तिसरी बाकी. इरा, त्यांची मुलगी, आठ वर्षांची, इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देणारी.

"तिथे विचारायला वेळ नसतो," तो म्हणाला.

"ते मैदान नव्हतं, गाढवा!" मी ओरडले. गल्लीतल्या एका डच बाईनं पडदा बाजूला करून बघितलं. "घर होतं तुझं!"

तो बुटाच्या टोकानं दारातली विटकर घासत राहिला. मग म्हणाला, "केतनला सांगू नका. मीच सोडतोय असं सांगणार आहे मी सगळ्यांना."

"का? कळू दे की त्याला!"

"तो जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालून बसेल. मला नको तसलं कोणी. माझ्या आज्याचा सगळा जन्म त्यात गेला, मान खाली घालण्यात. मला कोणाचीच मान खाली गेलेली बघवत नाही, केतनची पण नाही."

मी हो म्हटलं. त्यानं जाताना तेवढं वदवून घेतलं माझ्याकडून.

मग ते तीन महिने. दोन ठिकाणी त्याचं जवळपास जमलं होतं. एकानं ऐनवेळी भरतीच बंद केली, दुसऱ्यानं उत्तर द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. त्या काळात कोण कोणाला घेत होतं! रुचाला मुलगी झाली, हर्षदीपनं डिंकाचे लाडू करून पाठवले, सुजातानं नव्हे, त्यानं. आमचा प्रोजेक्ट नव्या लीडच्या हाताखाली गडगडला. क्लायंट चवताळला, आणि ग्रुपवर कुजबुज सुरू झाली की सोनकांबळेला आधीच कळलं असणार, जहाज बुडतंय बघून सटकला. त्यांची घरातली भांडीकुंडी विकायची जाहिरात आली, आणि तिच्या खाली केतननं ते तीन शब्द लिहिले.

मी कणकेचे हात धुतले आणि सायकल काढली. केतनच्या खिडकीत बाळाचे इवलेसे मोजे वाळत होते. त्यानं दार उघडलं, मी दीड मीटर सोडून उभी राहिले, आणि दिलेला शब्द मोडून त्याला सगळं सांगितलं. मार्टाइन, कॉल, नाव, आठवा महिना. काहीच गाळलं नाही.

केतनचा चेहरा उतरला. खरंच उतरला, क्षणभर मला वाटलं हा रडेल. आणि मग तो सावरला आणि म्हणाला, "मी कुठे सांगितलं होतं त्याला? त्याचं त्यानं ठरवलं." मी दारातून हलले नाही, म्हणून त्याला वाटलं अजून काहीतरी बोलावं. म्हणाला, "आणि तसंही वैजूताई, त्याला काय फरक पडतो? तिकडे गेला की त्यांचं सगळं राखीवच असतं."

मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला एवढं येतं हे मलाही नवीन होतं. रुचा बाळाला खांद्यावर घेऊन आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तो मेसेज काढ." त्यानं काढला. पण सगळ्यांचं वाचून झालं होतं, अंगठे दाखवून झाले होते. रुचा त्याच दुपारी हर्षदीपकडे गेली. केतन गेला नाही. म्हणजे ज्याची मान खाली जाऊ नये म्हणून एवढं केलं, त्याची ती गेलीच नाही. उगाच काळजी केली हर्षदीपनं.

ते निघाले त्या दिवशी त्यांना विमानतळावर मी आणि माझा नवरा घेऊन गेलो. भारतातून तेव्हा रोज भयानक बातम्या येत होत्या. लोक तिथून बाहेर पडायला धडपडत होते आणि हे तिकडे चालले होते. आत फक्त प्रवाशांनाच सोडत होते, म्हणून आम्ही दाराबाहेरच सामान उतरवलं. नवरा गाडी हलवायला गेला. सुजाता बॅगा मोजत होती. तिनं त्या तीन महिन्यांत आरडाओरडा केला नाही, भांडली नाही, रडली नाही. प्रयोगशाळेला स्वतः फोन करून तिसरी मुलाखत नको म्हणून सांगितलं आणि कपडे भरायला घेतले. हर्षदीप म्हणाला होता मला, ताई, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

इरा पाठीवर दप्तर लावून उभी होती. शाळेत मैत्रिणींनी सह्या केलेला पांढरा टीशर्ट तिनं कोटावरून घातला होता. तिनं मास्क खाली ओढला आणि बापाला डचमध्ये विचारलं, "आपल्याला कोणी घालवलं?"

मी तोंड उघडणार होते. देवाशपथ सांगते, नावं माझ्या जिभेवर होती. मार्टाइनचं, केतनचं, त्या अंगठेवाल्यांचं एकेकाचं.

"मी," हर्षदीप म्हणाला. मराठीत. "मीच सांगितलं त्यांना, मला काढा म्हणून."

इरानं त्याच्याकडे बघितलं. आधी तिला ते कळलंच नाही. मग कळलं. तिनं दोन्ही मुठी वळल्या आणि त्याच्या पोटात मारायला सुरुवात केली. रडत, ओरडत, डचमध्ये काय काय बोलत. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. त्यानं तिचे हात धरले नाहीत, मागे सरला नाही, समजूतही घातली नाही.

"हर्षदीप, अरे सांग ना तिला का ते!" मी म्हटलं. "आठ वर्षांची आहे, कळेल तिला!"

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. "ती कुठे चुकीचं बोलतेय?"

मग सुजाता बॅगांपासून वळली. चष्म्यावर वाफ आली होती, डोळे दिसत नव्हते. मला वाटलं ती मुलीला आवरेल.

"इरा," ती म्हणाली, "माझ्या वाटचीही दे एक."

हर्षदीप खाली गुडघ्यांवर बसला, लेकीचा हात गालापर्यंत नीट पोचावा म्हणून. आणि इरानं दिली.